अधिशोषण, मृदेतील

अधिशोषण, मृदेतील : वायूचे, बाष्पाचे किंवा विद्रावात असलेल्या पदार्थाचे रेणू अथवा आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) घन पदार्थाच्या अंतर्भागात न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धरून ठेवले जातात, या आविष्काराला अधिशोषण म्हणतात. कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळतो तेव्हा तो पाण्याच्या सर्व भागांत सारखा पसरतो. हे शोषण होय. लोणारी कोळशाच्या पुडीमुळे गुळाच्या पाण्याचा रंग जातो तेव्हा रंगद्रव्याचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागालाच चिकटतात. हे अधिशोषण होय. मृदेत घातलेल्या खतांपैकी कोणते टिकेल, कोणते पावसाबरोबर वाहून जाईल आणि कोणते मृदेतच राहूनही पिकाला मिळणार नाही, हे पुष्कळ अंशी या क्रियेवर अवलंबून असते.

घन पदार्थाच्या अंतर्भागातील अणू सर्व बाजूंनी शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. पृष्ठभागावरील अणूची एक बाजू मोकळी असल्यामुळे त्याची आकर्षणशक्ती अपुरी वापरली गेलेली असते व जवळ आलेला रेणू तिच्या प्रभावाखाली येतो. रेणू केवळ दुर्बल व्हॅन डर वाल्स प्रेरणांनी धरला गेल्यास ते भौतिक अधिशोषण होय. यात मुक्त होणारी उष्णता सामान्यतः रेणुभारास २० ते ४० किलोजूल इतकी असते आणि तापमान वाढविल्यास किंवा दाब कमी केल्यास रेणू सुटून जातो. रेणू व पृष्ठभाग यांच्यात रासायनिक बंध निर्माण झाल्यास मुक्त होणारी उष्णता अनेक पटींनी जास्त असते व रेणू सहजासहजी सुटत नाही. हे रासायनिक अधिशोषण होय. अशा अधिशोषणात रेणूंचा एकच थर बसू शकतो, असे गृहीत धरून अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१६–१८ या काळात अधिशोषणाचा सिद्धांत मांडला. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातील कार्याबद्दल त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागा ठराविक आणि प्रत्येक जागी एकच रेणू, ही त्यांची कल्पना मृदेच्या बाबतीत पूर्णपणे लागू पडत नाही; तरीही विचाराला आरंभ करण्यास तिच्याइतकी सोपी व उपयुक्त कल्पना दुसरी नाही.

मृदा ही केवळ चाळणी नव्हे, हे इंग्लंडमध्ये एच. एस. टॉम्प्सन व जे. टी. वे यांच्या प्रयोगांवरून १८५० च्या सुमारास स्पष्ट झाले. अमोनियम सल्फेटाचा विद्राव मृदेच्या थरातून झिरपू दिल्यास अमोनियम मृदेत अडकून राहते व खालून कॅल्शियम सल्फेट बाहेर पडते, असे त्यांना आढळले. मृण्मय कणांचा पृष्ठभाग बहुधा ऋण विद्युत् भारित असतो आणि त्यामुळे तो अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखे धन आयन धरून ठेवतो. नायट्रेट हा ऋण आयन असल्यामुळे त्याला तेथे थारा मिळत नाही. फॉस्फेटही ऋण आयनच आहे. पण त्याचे वर्तन अगदी निराळे असते आणि कोकणातील शेतीच्या दृष्टीने तेच विशेष महत्त्वाचे आहे.

जांभी मृदा : रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या मंदिरासाठी आणि समुद्रकाठच्या बामणघळीसाठी प्रसिद्ध आहे. बामणघळ म्हणजे काळ्या बेसाल्ट खडकात लाटांनी कोरून काढलेली अरुंद भेग. या किनाऱ्यावरील सड्यांवर मात्र तांबडा, सच्छिद्र जांभा दिसतो. मूळ खडक व त्याच्या अपक्षयाने झालेला खडक येथे जवळजवळ पाहावयास मिळतात. वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पडणारा पाऊस व उष्ण हवामान यांमुळे बेसाल्टातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम आणि बरीचशी सिलिका दीर्घकाळात धुऊन जाते. लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे व हायड्रॉक्साइडे मागे राहतात. गोएथाइट, हेमॅटाइट, गिब्साइट आणि त्यांच्या जोडीला केओलिनाइट ही जांभ्या मृदेतील प्रमुख खनिजे होत. जांभ्याचे चिरे घरबांधणीला उत्तम. पण ज्या खनिजांमुळे चिरा हवेत कठीण बनतो, तीच शेतात फॉस्फेट अडवून धरतात.

लोहाच्या ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. अम्लधर्मी मृदेत ते हायड्रोजन आयन घेतात व पृष्ठभागावर धन विद्युत् भार येतो, त्यामुळे फॉस्फेट आयन तिकडे ओढला जातो. तेथे तो नुसता टेकून राहत नाही. हायड्रॉक्सिल गटाला अथवा पाण्याच्या रेणूला हुसकावून तो स्वतःच्या ऑक्सिजन अणूंच्या द्वारे लोहाच्या एका किंवा दोन अणूंशी थेट जोडला जातो. हा रासायनिक बंध असल्यामुळे पावसाने तो तुटत नाही; कालांतराने फॉस्फेट कणांच्या सूक्ष्म छिद्रांत आणखी खोल जाते.

या पृष्ठभागाची व्याप्ती एका हिशेबावरून ध्यानात येईल. एक ग्रॅम बारीक गोएथाइटाचे क्षेत्रफळ ६० चौ. मी. धरले आणि प्रत्येक चौ. मी.वर सु. ०·०८ मिग्रॅ. फॉस्फरस बसतो असे मानले, तर १० टक्के गोएथाइट असलेली एक किग्रॅ. मृदा जवळजवळ अर्धा ग्रॅम फॉस्फरस धरू शकेल. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंमी. थराचे वजन सु. २० लाख किग्रॅ. असते; म्हणजे त्या थरात ९०० किग्रॅ.हून अधिक फॉस्फरसाला जागा आहे. भाताला हेक्टरी ५० किग्रॅ. फॉस्फरस पेंटॉक्साइड देतात, त्यात मूळ फॉस्फरस फक्त सु. २२ किग्रॅ. असतो. प्रत्यक्षात पुष्कळ जागा सिलिकेट व सेंद्रिय पदार्थ यांनी आधीच व्यापलेल्या असतात. तरीही खताचा केवळ हप्ता वाढवून हा पृष्ठभाग भरून काढण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. फॉस्फेट खडक भारताला बहुतांशी आयात करावा लागतो, हे लक्षात घेता ती परवडणारीही नाही.

भाताच्या खाचरात निसर्गच काही प्रमाणात साहाय्य करतो. पाणी साचून राहिल्याने मृदेतील ऑक्सिजन संपतो, सूक्ष्मजंतू फेरिक लोहाचे क्षपण करून त्याचे विद्राव्य फेरस लोहात रूपांतर करतात व फॉस्फेट ज्या पृष्ठभागाला चिकटलेले असते तोच अंशतः विरघळतो. अशा रीतीने मुक्त झालेले फॉस्फेट भाताला मिळते. उतारावरील वरकस जमिनीत पाणी साचत नसल्यामुळे तेथील नाचणी व वरी यांना हा लाभ होत नाही. एकाच गावात, एकाच प्रकारच्या मृदेत खाली व वर फॉस्फेट खताचा परिणाम वेगळा दिसतो, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

खताचा मृदेशी होणारा संपर्क कमी करणे हा यावरील मुख्य उपाय होय. खत सर्वत्र फेकण्याऐवजी मुळांजवळ एका जागी दिल्यास तेथील जागा लवकर भरतात व उरलेले फॉस्फेट विद्रावात राहते. चारसूत्री भातलागवडीत चार चुडांच्या मधोमध युरिया व डायअमोनियम फॉस्फेट यांची गोळी खोचतात, त्यामागे नायट्रोजनाच्या बचतीबरोबर हेही तत्त्व आहे. शेणखत व गिरिपुष्पाचा पाला कुजताना सायट्रेट, ऑक्झॅलेट यांसारखे आयन निर्माण होतात. ते त्याच जागांसाठी फॉस्फेटाशी स्पर्धा करतात. या दृष्टीने कोकणातील भाजावळीच्या परंपरागत पद्धतीकडे पाहणे उद्बोधक ठरेल. राब जाळल्याने तणांचे बी मरते आणि राखेतून पोटॅश, थोडे फॉस्फेट व अम्लता कमी करणारी अल्कली द्रव्ये मिळतात हे खरे. परंतु तरव्याच्या चार वाफ्यांसाठी जे शेण व पाला जळतो, तोच कुजवून घातला असता तर फॉस्फेट मोकळे ठेवण्याचे काम अधिक क्षेत्रावर झाले असते. चुन्याने अम्लता कमी केल्यासही अधिशोषण घटते, पण धुऊन जाण्याच्या वेगामुळे चुना पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

मृदेतील एकूण फॉस्फरसाचे मापन करून पिकाला काय मिळेल ते कळत नाही. अम्लधर्मी मृदांसाठी ब्रे व कुर्ट्झ यांनी १९४५ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत मृदा अमोनियम फ्ल्युओराइडाच्या अम्लयुक्त विद्रावात हलवितात. फ्ल्युओराइड आयन ॲल्युमिनियम व लोह यांना बांधून घेतो आणि सैलपणे धरलेले फॉस्फेट विद्रावात उतरते. तेवढेच उपलब्ध मानतात.

शेतात अडचणीचा ठरणारा हा गुण पाण्याच्या शुद्धीकरणात उपयोगी पडतो. आर्सेनेट आयनाची रचना फॉस्फेटासारखीच असल्याने तोही लोहाच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटतो. पश्चिम बंगालमधील आर्सेनिकयुक्त भूजलासाठी खरगपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत अम्ल व अल्कली यांची प्रक्रिया केलेल्या जांभ्याचे गाळणे तयार करण्यात आले. पाण्यात फॉस्फेट असल्यास मात्र ते आर्सेनेटाच्या जागा बळकावते आणि असे गाळणे लवकर निकामी होते.