नाशिकची बस: आकडा बघायचा, मग 'मार्गे'

निमाणी स्टँडवरून नाशिकरोडला जायचंय? नुसती 'नाशिकरोड' पाटी बघून चढू नका. एक गाडी द्वारकेवरून जाते, दुसरी जेलरोडने फिरून. दोन्ही टोकं तीच, पण जेलरोडच्या थांब्यावर उतरणारा माणूस द्वारकेच्या गाडीत बसला तर बसलाच! (अनुभवाचे बोल.)

८ जुलै २०२१ ला महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली. त्याआधी शहर बस एसटी चालवायची. सिटीलिंकचे सुरुवातीचे दोन डेपो तपोवन आणि नाशिकरोड, आणि आकड्यांची मेख तिथेच आहे: तपोवनच्या बाजूचे मार्ग शंभराच्या घरात, नाशिकरोडचे दोनशेच्या.

मुंबईत बेस्टचा हिशेब वेगळा. तिथे आकडा साधारणपणे भाग सांगतो: दोनशेचे मार्ग पश्चिम उपनगरांत, तीनशेचे पूर्व उपनगरांत, पाचशेचे नवी मुंबईकडे, सातशेचे मीरा-भाईंदरकडे. अर्थात बेस्टची पहिली बस धावली ती १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. एवढ्या वर्षांत अपवादही भरपूर साठलेत.

आपल्या नाशकात निमाणी आणि नाशिकरोड अशी दोन टोकं का? कारण रेल्वे स्टेशन जुन्या गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब. याच अंतरासाठी एकेकाळी नाशकात घोड्यांची ट्राम होती! आजही या पट्ट्यात मोठी वर्दळ असते.

तुमच्या रोजच्या बसचा नंबर काय? 'मार्गे'सकट लिहा हं.