मूत्रपिंडाचा विकार आणि रुग्णाची पाच अंगे

विनयपिटकातील महावग्गात, चीवरक्खन्धकात, एक प्रसंग आला आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याची शुश्रूषा करणारे कोणी नव्हते. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्यास मंचकावर निजविले. याच प्रसंगाला जोडून, ज्या रुग्णाची शुश्रूषा सुकर होते त्याची पाच अंगे सांगितली आहेत : हितकर तेच करणे, हितकर गोष्टीतही मात्रा जाणणे, औषध घेणे, शुश्रूषा करणाऱ्यास आजार यथाभूत सांगणे आणि वेदना सहन करणे. आजच्या एका दुर्धर व्याधीच्या संदर्भात आम्ही या अंगांचा विचार करीत आहोत.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्राव गाळतात. ती निकामी झाली की प्रत्यारोपण अथवा डायलिसिस हाच मुख्य उपाय उरतो. यंत्राद्वारे रक्तशुद्धी साधारणतः आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास करावी लागते. पाळी चुकली तर रक्तात पोटॅशियम साचून हृदयाची लय बिघडू शकते. पाणी अधिक प्यायले तर ते फुफ्फुसांत उतरते. निरोगी माणसास हितकर असलेले नारळपाणी येथे घातक ठरू शकते. दुसऱ्या अंगातील ‘मात्रा’ म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे.

आजारास सामोरे जाण्याच्या रीतींचा मानसशास्त्रानेही अभ्यास केला आहे. कोणी प्रश्नाला भिडतो, कोणी मन सावरतो, तर कोणी आजाराकडे पाहण्याचेच टाळतो. अमेरिकेतील माजी सैनिकांवरील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांमध्ये या टाळण्याच्या रीतीचा अधिक मृत्यूंशी संबंध आढळला. अर्थात, संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. अधिक खंगलेला रुग्णही तोंड फिरवू शकतो. तथापि जो सूज लपवितो, पाळी चुकवितो, त्याच्यावर उपचार तरी कसे व्हावेत?

‘सहन करणे’ या पाचव्या अंगाचा अर्थ निमूटपणे सोसणे असा अनेकदा लावला जातो. तो आम्हांस मान्य नाही. औषध घेणे आणि आजार सांगणे ही अंगे त्याच्या आधी आली आहेत. ‘पूर्वकर्माचे फळ’ म्हणून गप्प बसण्यासही आधार नाही. सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात, हे मत भगवंतांनी सीवक सुत्तात स्पष्टपणे नाकारले आहे.

मात्र सारा भार रुग्णावर टाकणे अन्यायाचे होईल. रोजंदारी बुडेल म्हणून चुकलेली पाळी ही टाळाटाळ नव्हे. गरिबांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस मिळावे म्हणून २०१६ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. परंतु तेथवर पोहोचण्यास सोबत लागते, गाडीभाडे लागते. त्या भिक्खूजवळ कोणी नव्हते, यापासूनच तो प्रसंग सुरू होतो. आपल्या वस्तीतील अशा रुग्णासोबत आठवड्याच्या तीन दिवसांपैकी एक दिवस कोण जाईल, हे प्रत्येक विहाराने ठरवावे, अशी आमची विनंती आहे.