शिरापूरच्या शेतकऱ्याचा हिशेब

सोलापूर या अवर्षणप्रवण जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातील शिरापूर येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९७५ साली ग्रामपाहणी सुरू केली. भूमिहीन मजुरांसह ४० कुटुंबांच्या श्रमाच्या व जमाखर्चाच्या नोंदी गावातच राहणारे अन्वेषक दर काही आठवड्यांनी घेत. भारी काळी जमीन शेतकरी खरिपात पडीक ठेवीत. बाहेरच्यास तो आळस वाटे. वस्तुतः खरिपाचा पाऊस बेभरवशाचा. जमिनीत साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी मात्र हाती लागे.

पुढे अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी पाहणीतील गावांत खरे पैसे देऊन नाणेफेकीचे प्रयोग केले. धोका पत्करण्याच्या वृत्तीत गरीब व सधन यांत फारसे अंतर आढळले नाही. गरीब शेतकरी मागे राहतो तो भित्रेपणामुळे नव्हे, तर कर्ज व शेतीविषयक सेवा त्याच्यापर्यंत न पोहोचल्यामुळे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.