सिरियातील यादवी युद्ध
सिरियातील यादवी युद्ध : (२०११–२४). राष्ट्राध्यक्ष बशार अल् असद (कार. २०००–२४) याच्या राजवटीविरुद्ध झालेला दीर्घ सशस्त्र संघर्ष. मार्च २०११ मध्ये दारा शहरातील निदर्शने शासनाने बळाने दडपली. त्यातून यादवी उद्भवली. अनेक सैनिक बंडखोरांना मिळाले. तथापि अलवी पंथीय अधिकाऱ्यांच्या हाती असलेली प्रमुख पथके एकनिष्ठ राहिली आणि विरोधकांत एकी नव्हती. तरीही २०१५ पर्यंत बराच प्रदेश शासनाने गमावला. इराण व लेबाननमधील हिज्बुल्ला यांचे साहाय्य आणि सप्टेंबर २०१५ पासूनचे रशियाचे हवाई हल्ले यांमुळे राजवट सावरली. डिसेंबर २०१६ मध्ये आलेप्पो शहर तिच्या ताब्यात आले. हे स्थैर्य मात्र परबळावर उभे होते. चलनाची घसरण व तुटपुंजे वेतन यांमुळे सैन्य खचले; रशिया युक्रेनच्या युद्धात गुंतला आणि इझ्राएलशी झालेल्या संघर्षात हिज्बुल्ला दुर्बल झाली. २७ नोव्हेंबर २०२४ रोजी बंडखोरांनी इडलिब भागातून चढाई केली. सैन्याचा प्रतिकार लवकरच कोसळला. ८ डिसेंबर रोजी दमास्कस पडले व असदने रशियात आश्रय घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार पहिल्या दहा वर्षांतच तीन लाखांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. तेरा वर्षे तगलेली ही सत्ता बाह्य आधार सुटताच बारा दिवसांत संपुष्टात आली.