नवें जाहिरात-खातें व पैशाची अडवणूक

आपला आंबा, गूळ, बेदाणा किंवा हळद दलालाच्या हातीं न देतां थेट गिऱ्हाइकास विकावी, अशी इच्छा अलीकडे पुष्कळ बागाइतदारांच्या मनांत उत्पन्न झाली आहे, व ती योग्यच आहे. मुंबई-पुण्याचें गिऱ्हाईक आतां पेठेंत जितकें सांपडतें तितकेंच फेसबुक व इन्स्टाग्राम या समाजमाध्यमांवर सांपडतें; आणि त्याच्यापर्यंत पोंचण्यासाठीं तेथें पैसे देऊन जाहिरात करण्याचा प्रघात वाढत चालला आहे. जाहिरात कशी लिहावी, छायाचित्र कसें काढावें याविषयीं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु नव्या खात्यावरची पहिली जाहिरात दोन-चार दिवसांतच एकाएकीं बंद पडून पैशासंबंधीं कांहीं अडचण असल्याची सूचना झळकते, तेव्हां काय करावें हें सांगणारा क्वचितच मिळतो. याकरितां या विषयाचा थोडा सविस्तर विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

ही अडचण इतर व्यापाऱ्यांपेक्षां शेतकऱ्यास अधिक बाधते. कापडाचा दुकानदार आठ दिवस थांबूं शकतो. त्याचा माल कुजत नाहीं. हापूस मात्र अढींत घातल्यावर आठ-दहा दिवसांत पिकतो. ऐन एप्रिलच्या भरांत जाहिरात चार दिवस बंद राहिली, तर तयार झालेल्या पेट्या मिळेल त्या भावानें वाशीच्या बाजारांत पाठविणें भाग पडतें. म्हणजे दलाल टाळण्यासाठीं केलेला सारा खटाटोप शेवटीं त्याच्याच दारीं येऊन थांबतो.

अडवणूक कां होते हें समजण्यास या व्यवहाराचें स्वरूप प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. ज्या खात्यास कार्ड जोडून आपोआप वसुलीची पद्धत स्वीकारलेली असते, त्यावर जाहिरात आधीं चालते व पैसे मागाहून घेतले जातात. ही सरळ उधारीच होय. खर्च एका ठराविक रकमेपर्यंत पोंचला कीं कंपनी ती रक्कम कार्डावरून वसूल करते, आणि उरलेली बाकी महिन्याच्या ठरलेल्या तारखेस घेते. नव्या खात्याची ही मर्यादा मुद्दाम लहान ठेवलेली असते. शिवाय एका दिवसांत किती खर्च करतां येईल यावरही कंपनी आपल्याकडून बंधन घालते. वसुली बिनतक्रार होत गेली म्हणजे या दोन्ही मर्यादा हळूहळू वाढतात. गांवांत नव्यानें राहावयास आलेल्या कुटुंबास वाणी पहिल्याच महिन्यांत पोतेंभर साखर उधार देत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. ओळख नाहीं तोंवर पत नाहीं. फरक इतकाच कीं वाणी समोर बसून नाहीं म्हणतो; येथें नकार यंत्राकडून येतो आणि पुष्कळदां त्याचें कारण नीट उमगत नाहीं.

‘पैसे अडकले’ या एका शब्दाखालीं लोक निरनिराळ्या गोष्टी बोलतात, त्या प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. नवें कार्ड जोडतांच तें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्यापुरती अल्पशी रक्कम बँकेकडे रोखून धरली जाते. ती खर्ची पडलेली नसते, थोड्या दिवसांत मोकळी होते; तिच्यासाठीं धांवपळ करण्याचें कारण नाहीं. दुसरें असें कीं, खात्याच्या एकंदर खर्चास स्वतः मालकासही मर्यादा घालतां येते. खातें उघडतांना घरांतील मुलानें सावधगिरी म्हणून पांच हजारांची मर्यादा घातलेली असते, ती पुरी होतांच जाहिराती थांबतात, आणि कंपनीनें अडविलें अशी ओरड सुरू होते! जाहिरात बंद पडल्यास ही एक गोष्ट आधीं पाहावी.

खरी अडचण बहुधा बँकेच्या बाजूस असते. रिझर्व्ह बँकेनें २०२० सालीं घालून दिलेल्या नियमाप्रमाणें नवें कार्ड प्रथम केवळ यंत्रांतून पैसे काढण्यास व दुकानांत वापरण्यासच मोकळें असतें. इंटरनेटवरील व परदेशी व्यवहारांची मुभा खातेदारानें आपण होऊन सुरू करावी लागते. पुष्कळ शेतकऱ्यांनीं ती केलेलीच नसते. पुढें १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील वारंवारच्या आपोआप वसुलीस नवे निर्बंध आले. अशा वसुलीस खातेदाराची एकवार स्पष्ट संमति पाहिजे, प्रत्येक वेळीं निदान चोवीस तास आधीं सूचना गेली पाहिजे, आणि ठराविक रकमेपलीकडील वसुली ओटीपीसारख्या जादा पडताळणीवांचून होऊं नये, असें ठरलें. ही रक्कम प्रारंभीं ५,००० रुपये होती. २०२२ च्या जूनमध्यें ती १५,००० रुपये करण्यांत आली. नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे. परंतु ज्या कार्डावर ही संमति नीट नोंदली गेलेली नसते, त्यावरील वसुली बँक परतविते. कंपनीच्या दप्तरीं तें खातें थकबाकीदार ठरतें, आणि बाकी आपल्या हातानें भरेपर्यंत एकही जाहिरात चालत नाहीं. वसुली दोन-तीन वेळां परतली कीं नव्या खात्याची जी थोडी पत बसूं लागलेली असते तीही ढांसळते.

यास्तव आमच्या मतें लहान बागाइतदारानें उधारीच्या पद्धतीच्या वाटेस न जातां आगाऊ भरण्याची पद्धत पत्करावी. यूपीआयनें किंवा बँकेंतून आपल्या हातानें पांचशें-हजार रुपये खात्यांत भरावे, ते संपले कीं जाहिरात आपोआप थांबते, पुन्हा हवी तर पुन्हा भरावे. यांत वसुली परतण्याचा प्रश्नच उरत नाहीं व खर्चही मुठींत राहतो. कार्डच वापरावयाचें असल्यास तें खातेदाराच्या स्वतःच्या नांवाचें व नेहमीच्या वापरांतील असावें. पीककर्जाच्या किसान क्रेडिट कार्डास या कामीं हात लावूं नये. तें कर्ज ज्या कारणासाठीं घेतलें त्याच कारणीं लागावें हें बरें.

आगाऊ पैसे भरले म्हणून सर्व अडचणी टळतात असें मात्र नाहीं. कंपनीस संशय आला तर ती खातें तपासणीसाठीं थांबवून ठेवते. चोरलेल्या कार्डांवर जाहिराती चालविणारे भामटे नवीं खातीं उघडून हेंच करतात: पहिल्याच दिवशीं मोठा खर्च, एकामागून एक कार्डांची अदलाबदल, आज एका गांवाहून तर उद्यां दुसऱ्याच शहराहून प्रवेश. आपला भोळा शेतकरी घाईंत नेमकें तसेंच वागतो. पहिल्या दिवशीं दोनशें रुपये खर्चणारा दुसऱ्या दिवशीं पांच हजारांचा बेत करतो, कार्ड नाकारलें कीं भावाचें, मग मेहुण्याचें जोडून पाहतो, आणि पुण्याच्या पुतण्यास परवलीचा शब्द सांगून त्यालाही आंत सोडतो. पुतण्यास काम द्यावयाचें असेल तर त्याला त्याच्याच नांवानें खात्यावर अधिकार देण्याची सोय आहे, ती वापरावी.

खातें थांबलेंच तर प्रथम थकबाकी आहे काय हें देयकाच्या पानावर पाहावें व असल्यास चुकती करावी. ती नसेल, तर व्यवसाय-साहाय्याच्या पानावरून फेरतपासणीची विनंति करावी, मागतील तो ओळखीचा पुरावा द्यावा, आणि निर्णयाची वाट पाहावी. त्या अवधींत दुसरें खातें उघडण्याचा मोह अनावर होतो. परंतु बंधन चुकविण्यासाठीं उघडलेलें खातें नियमभंगांत मोडतें व त्यापायीं दोन्हीं जाण्याचा संभव असतो. याच वेळीं ‘खातें मोकळें करून देतों’ म्हणणारे मध्यस्थ उपटतात. कंपनीच्या नांवानें निरोप पाठवून ते परवलीचा शब्द किंवा ओटीपी मागतात. तो कोणासही देऊं नये. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें. जितकें लवकर कळवावें तितकी रक्कम वाटेंत रोखली जाण्याची आशा अधिक.

सर्वांत मोठा उपाय काळाचा आहे. आंब्यास मोहोर दिसूं लागतो तेव्हांच, म्हणजे डिसेंबर-जानेवारींत, खातें उघडावें. चलन रुपया व वेळ भारतीय निवडावी, कारण पुढें तीं बदलणें म्हणजे नवें खातेंच काढणें होय. मग बागेचीं छायाचित्रें, आगाऊ नोंदणीची सूचना अशा लहानशा जाहिराती रोज शंभर-दीडशें रुपयांच्या मर्यादेंत चालवाव्या व दर आठवड्यास थोडी वाढ करीत जावें. मार्च उजाडेपर्यंत खात्याची ओळख पटलेली असते. गुऱ्हाळवाल्यांनीं हेंच काम दसऱ्यापूर्वीं उरकावें. पाहणें कोणाचें किती लांबेल याचा नेम नसल्यानें गेल्या वर्षींच्या गिऱ्हाइकांचे दूरध्वनि-क्रमांक वहींत लिहून ठेवावे, म्हणजे जाहिरात बंद पडली तरी शंभर घरांस आपण होऊन कळवितां येतें.

हंगाम संपल्यावर बाकी शून्य आहे हें पाहून जाहिराती बंद कराव्या, पण खातें मोडूं नये. पुढील वर्षीं तीच पत कामीं येते. खर्चाचा हिशेब करतांना जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के वस्तु व सेवा कर पडतो हें विसरूं नये. ताजीं फळें त्या करांतून मुक्त असल्यामुळें केवळ आंबा विकणाऱ्या बागाइतदारास हा कर वळता करून घेतां येत नाहीं. पेटीचा भाव ठरवितांना तो खर्चांतच धरावा लागतो.