हरताळ आणायला तळघरात

रात्री दिवे मालवून, कानाला हेडफोन लावून माणूस दोन-दोन तास स्वतःला घाबरवून घेत बसतो, आणि वर त्यासाठी पैसेही मोजतो. ज्यांनी असे खेळ कधी खेळले नाहीत त्यांना हे विचित्र वाटतं. विचित्र ते आहेच. पण असा खेळ आतून कसा चालतो हे एकदा सावकाश पाहिलं, तर माणूस त्यात का अडकतो ते कळतं. त्यासाठी आपल्याला कॉम्प्युटरवरचे खेळ येत असायला हवेत असं काही नाही.

आधी नाव सोडवून घेऊ. या प्रकाराला ‘सिंगल प्लेयर सायकॉलॉजिकल हॉरर पझल गेम’ म्हणतात. सिंगल प्लेयर म्हणजे एकट्याने खेळायचा. सायकॉलॉजिकल हॉरर म्हणजे समोर भूत नाचवण्यापेक्षा मनात संशय पेरणारं भय. आणि पझल म्हणजे कोडी: किल्ली शोधा, यंत्र चालू करा, आकड्यांचं कुलूप उघडा. पहिले दोन शब्द ऐकून लोक खेळाकडे येतात. माझ्या मते त्यांना धरून ठेवतो तो शेवटचा, कोड्याचा भाग.

उदाहरणाला एकच खेळ घेऊ, ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’. स्वीडनच्या हेलसिंगबोर्ग गावातल्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या कंपनीने तो 2010 साली काढला. काळ 1839चा, जागा प्रशियातला ब्रेननबर्ग किल्ला. डॅनियल नावाचा तरुण तिथल्या फरशीवर शुद्धीवर येतो आणि त्याला जवळजवळ काहीच आठवत नाही. थोड्या वेळाने चिठ्ठी सापडते, ती त्याच्याच हस्ताक्षरात. आपली स्मृती आपणच औषध पिऊन पुसली आहे आणि आता किल्ल्यात खोलवर जाऊन अलेक्झांडर नावाच्या माणसाला ठार मारायचं आहे, असं त्यात लिहिलेलं असतं. का, ते हळूहळू कळत जातं.

खेळ सुरू करताना पडद्याचा उजेड ठरवायला सांगतात. पहिली चूक बहुतेक जण इथेच करतात. सगळं नीट दिसावं म्हणून उजेड वाढवून ठेवतात आणि मग ‘यात काय घाबरायचं’ म्हणून कुरकुरतात. अंधारात दिसू नये अशीच रचना आहे, तेव्हा सांगितलं तेवढंच ठेवा. हेडफोन मात्र हवेतच. अर्धा खेळ कानाने खेळायचा असतो. सुरुवातीला आणखी एक सूचना येते, की हा खेळ जिंकायच्या हेतूने खेळू नका. ती न वाचता पुढे जाऊ नका.

मग कळतं की आपल्या हातात काहीच नाही. तलवार नाही, बंदूक नाही, साधी काठीसुद्धा नाही. पळायचं, लपायचं, दार लावून घ्यायचं, एवढंच. नव्या माणसाचा पहिला अर्धा तास हत्यार शोधण्यातच जातो, कारण बाकीच्या खेळांनी तशी सवय लावलेली असते. हत्यार नाही हे एकदा मनाने मान्य केलं की कान आपोआप तीक्ष्ण होतात.

आता दाराकडे पाहू, कारण या खेळाचं मर्म दारात आहे. इतर खेळांत बटण दाबलं की दार उघडतं. इथे माउसने दार पकडायचं आणि हात प्रत्यक्ष मागे-पुढे करून ते ओढायचं. हात सावकाश हलवला तर दार बोटभर किलकिलं होतं, फटीतून पलीकडे पाहता येतं. झटका दिला तर धाडकन उघडतं. ड्रॉवर, कपाटं, यंत्रांच्या कळा, सगळं तसंच. पहिल्यांदा मी खेळलो तेव्हा एका दारापाशी ते बोटभर उघडून चांगला पाच मिनिटं बसलो होतो. पलीकडे काही नव्हतं. सिनेमात बाई तळघराचं दार उघडते तेव्हा आपण खुर्चीतून ‘नको उघडूस’ म्हणतो आणि ती उघडतेच. इथे उघडणारा हात आपला असतो आणि आपण ओढेपर्यंत काहीही घडत नाही.

यानंतर उजेडाचा हिशेब सुरू होतो. डॅनियलला अंधारात फार वेळ ठेवला की त्याचं डोकं फिरू लागतं: चित्र डोलतं, भिंती सरकल्यासारख्या वाटतात, नको ते आवाज येतात. याला खेळात ‘सॅनिटी’ म्हणतात, म्हणजे मनाचा तोल. तो आकड्यांत दाखवत नाहीत. सामानाच्या पानावर मेंदूचं एक चित्र असतं आणि त्याखाली डोकेदुखीपासून पुढच्या अवस्थांचं वर्णन. उजेडात गेलं की तोल सावरतो. पण उजेडात आपण किल्ल्यात फिरणाऱ्या राक्षसाला दिसतो. शिवाय कंदिलाचं तेल आणि मेणबत्त्या पेटवायच्या चकमकीच्या डब्या मोजक्याच मिळतात. राक्षसाकडे नुसतं पाहिलं तरी तोल जातो. म्हणून तो आला की कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, शाळेत शिक्षा झाल्यासारखं, आणि फक्त ऐकत राहायचं.

कोडी इथून पुढे खऱ्या अर्थाने सुरू होतात. सुरुवातीच्या भागातलं एक सांगतो. वाटेत मांसासारखा काहीतरी चिकट थर वाढून रस्ता बंद झालेला असतो. तो जाळायला तेजाब हवं, आणि तेजाब करायला चार रसायनं: कॅलामाइन, क्युप्राइट, अ‍ॅक्वा रेजिया आणि ऑर्पिमेंट. अ‍ॅक्वा रेजिया म्हणजे आपलं अम्लराज, सोनं विरघळवणारं. ऑर्पिमेंट म्हणजे हरताळ. जुने लेखनिक पोथीत चुकलेल्या अक्षरांवर हीच पिवळी हरताळ लावत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. ज्याने स्वतःच्या आठवणींवर हरताळ फासली, त्यालाच ती शोधत दारूच्या तळघरात फिरावं लागतं. स्वीडनमधल्या मंडळींना हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण मराठी माणसाला तो योग फुकटात मिळतो.

कोडं म्हणून पाहिलं तर हे अगदी बाळबोध आहे. बाटल्या गोळा करा, प्रयोगशाळेत आणा, मिसळा. भर दुपारी, चहाचा कप हातात घेऊन, दहा मिनिटांचं काम. पण बाटल्या तळघरात आहेत, तळघरात अंधार आहे, आणि खाली कोणीतरी पाय ओढत चालल्यासारखं वाटतं. भीती म्हणते मागे फिर. कोडं म्हणतं, अजून एक बाटली राहिली. या ओढाताणीत पाय पुढेच पडतात, कारण अर्धवट राहिलेलं काम डोक्यातून जात नाही. नुसती भीती असती तर आपण खेळ बंद करून झोपलो असतो, आणि नुसतं कोडं असतं तर शब्दकोड्याइतकंच रमलो असतो.

कोडं सुटलं की या खेळात आणखी एक गोष्ट होते, ती पटकन लक्षात येत नाही. डॅनियलच्या मनाचा तोल सावरतो. मंद उजळल्यासारखं होतं, डोलणारं चित्र स्थिर होतं, आवाज थांबतात. खेळणाऱ्याच्या शरीरातही त्याच क्षणी तेच चाललेलं असतं: खांदे खाली येतात, रोखलेला श्वास सुटतो. लोक परत परत येतात ते बहुतेक या सुटलेल्या श्वासासाठी.

भीतीत मजा का वाटावी याचं उत्तर आपल्या ठेच्यात आहे. पॉल रोझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसं तिखट मिरची आवडीने का खातात याचा अभ्यास केला. जीभ भाजते, डोळ्यांत पाणी येतं, शरीर ‘धोका’ म्हणून ओरडतं, पण धोका नाही हे मनाला माहीत असतं. मजा त्या तफावतीत आहे, असं त्यांचं म्हणणं. मात्र प्रमाण जमायला हवं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी एका भूतघरात आलेल्या 110 जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि 2020 साली निष्कर्ष छापले. ठोक्यांतला चढउतार फार कमी असला तरी मजा कमी, फार जास्त असला तरी कमी. मधल्या टप्प्यात ती सर्वांत जास्त.

हा मधला टप्पा हुकतो कसा? सगळ्यात जास्त वेळा तो कोड्यातच हुकतो. एखाद्या खोलीत आपण वीस मिनिटं अडकलो की भीती पार उडून जाते. तोच चित्कार सहाव्यांदा ऐकताना अंगावर काटा येत नाही, वैताग येतो. ‘पी.टी.’ नावाचा एक छोटा खेळ 2014 साली प्लेस्टेशनवर फुकट आला होता. घरातली एकच वळणाची बोळ, शेवटच्या दारातून बाहेर पडलं की पुन्हा त्याच बोळीत. भयाच्या बाबतीत त्याला तोड नाही. पण शेवटचं कोडं इतकं अस्पष्ट की जगभरचे खेळाडू नुसते अंदाज ठोकत बसले. पुढच्या वर्षी तो दुकानातून काढून टाकला आणि त्याची दंतकथा झाली. तरी ते शेवटचं कोडं फसलंच होतं, असं मी म्हणेन.

उलट चूक माझ्या भाच्याने केली. शेजारी मोबाइलवर उत्तरांचा व्हिडिओ लावून तो खेळायला बसला. कुठली बाटली कुठे, राक्षस कधी येतो, सगळं आधीच माहीत. चार तासांत खेळ संपवला आणि म्हणाला, “मामा, काही दम नाही यात.” अडकलात तर आधी खोलीतल्या चिठ्ठ्या पुन्हा वाचा, उत्तर बहुतेक तिथेच असतं. तरीही नाही जमलं तर खेळ बंद करून दुसऱ्या दिवशी बसा. व्हिडिओ अगदी शेवटी, तोही तेवढ्याच कोड्यापुरता.

तिसरी गडबड खेळ बनवणाऱ्यांची. दर पाच मिनिटांनी कोणीतरी मागून भॉक करतं. भॉक केल्यावर दचकतो सगळेच, पण दचकणं म्हणजे घाबरणं नव्हे. ‘अ‍ॅम्नेशिया’त पाणी भरलेल्या भुयारांचा एक भाग आहे. तिथला राक्षस दिसतच नाही. पाण्यात पडणारी त्याची पावलं फक्त दिसतात. आपण एका खोक्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचं, मध्ये पाण्यात पाय पडला की तो छपछप धावत येतो. पडद्यावर दाखवलंय काय, तर पाणी आणि खोकी. बाकीचं आपणच आपल्या डोक्यात रंगवतो.

आणि मेलात तर? घाबरू नका, खेळ जरा मागून पुन्हा सुरू होतो. गंमत अशी की राक्षस दर वेळी त्याच जागी भेटेलच असं नाही; कधी जागा बदलते, कधी तो गायबच होतो. हे मुद्दाम केलेलं आहे. त्याच जागी तोच राक्षस चार वेळा भेटला की तो राक्षस राहत नाही, रस्त्यातला गतिरोधक होतो.

एकट्यानेच का खेळायचा, हेही लोक विचारतात. मित्रांबरोबर मिळून खेळायचे भयखेळ आहेत, ‘फॅस्मोफोबिया’ त्यातला गाजलेला. पण चार जण जमले की एक ओरडतो, तिघं हसतात, आणि भीती वाटून घेतली जाते. एकट्याला वाटून घ्यायला कोणी नसतं.

शिवाय काही खेळ त्या एकट्या माणसावर नजर ठेवून असतात. जपानच्या कोनामी कंपनीचा 2001 सालचा ‘सायलेंट हिल 2’ त्यातला पहिल्या रांगेतला. जेम्स नावाच्या माणसाला बायकोचं पत्र येतं, ये म्हणून; ती तीन वर्षांपूर्वी वारलेली आहे. तिला शोधायला तो धुक्याने भरलेल्या गावात शिरतो. खिशातला रेडिओ राक्षस जवळ आला की खरखरतो. नवख्यांसाठी एक चांगली सोय त्यात आहे: मारामारी किती अवघड आणि कोडी किती अवघड, हे वेगवेगळं निवडता येतं. कोडी आवडणाऱ्याने मारामारी बिनधास्त सोपी ठेवावी.

या खेळाचे शेवट मात्र एकाहून जास्त आहेत, आणि कुठला मिळणार ते विचारून ठरत नाही. वाटेत एका बाईचा सुरा आपल्याकडे येतो, तो आपण किती वेळा काढून पाहिला. बायकोचा फोटो पाहिला का. जखमी झाल्यावर औषध लगेच घेतलं का तसेच रेटत राहिलो. हे सगळं खेळ गुपचूप टिपत असतो.

मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा हे ठाऊक नव्हतं. घरच्या संस्कारांप्रमाणे औषधाच्या बाटल्या पुढे लागतील म्हणून जपून ठेवत गेलो आणि जेम्सला अर्धमेल्या अवस्थेत गावभर फिरवला. खेळाने त्याचा अर्थ असा लावला की या माणसाला जगायचंच नाही. शेवट आला तो तळ्याच्या पाण्यातला, आणि तेव्हा पिशवीत अठरा बाटल्या शिल्लक होत्या.