सहा भागांवरून हजार भागांचा निकाल

नागपुरात राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस आले की लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात नाटकांची रांग लागते आणि एक-दोन दिवसांच्या अंतराने त्यांची परीक्षणं स्थानिक वर्तमानपत्रांत येऊ लागतात. संहिता, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, सगळ्यांची दखल त्यात घेतलेली असते. परीक्षकाचं काम अवघड असलं तरी त्याची चौकट ठरलेली आहे. पडदा पडतो, नाटक पूर्ण होतं, मग तो लिहायला बसतो. माधव मनोहर, कमलाकर नाडकर्णी यांच्यासारख्या समीक्षकांनी ही परंपरा मराठी वृत्तपत्रांत घट्ट रुजवली.

घरोघरी रोज संध्याकाळी लागणाऱ्या मालिकेच्या वाट्याला असं परीक्षण क्वचित येतं. येतं तेव्हाही ते अशा गोष्टीवर लिहिलेलं असतं जी अजून पूर्ण झालेली नाही. मालिकेचं परीक्षण कसं तयार होतं आणि ते कसं वाचावं, हे समजून घेताना हा फरक सतत लक्षात ठेवायला हवा.

परीक्षकाच्या हाती काय असतं?

नाट्यपरीक्षकाला प्रयोगाचं निमंत्रण येतं, सिनेमाच्या समीक्षकासाठी कधी आधीच खेळ लावला जातो. रोजच्या मराठी मालिकेबाबत असं सहसा होत नाही. वाहिनी प्रोमो दाखवते, पत्रकार परिषद घेते, कलाकारांच्या मुलाखती जुळवून देते. प्रत्यक्ष भाग मात्र परीक्षक आपल्यासारखाच घरी बसून पाहतो.

आता वेळेचा हिशेब मांडू. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीला देता येतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेला साधारण २४ मिनिटं उरतात. त्यातून शीर्षकगीत आणि मागच्या भागाची उजळणी वजा करायची. सोमवार ते शनिवार असे सहा भाग धरले, तर पहिल्या आठवड्यात परीक्षकाच्या हाती फार तर १४४ मिनिटं लागतात, म्हणजे एखाद्या हिंदी सिनेमाएवढा ऐवज. आठवड्याला सहा भाग दाखवणारी मालिका वर्षाला तीनशेचा आकडा गाठते आणि चालली तर तीन-चार वर्षं चालते.

त्यामुळे पहिल्या आठवड्यानंतरचं परीक्षण म्हणजे पायाची पाहणी असते. पात्रं स्पष्ट उभी राहिलीत का, संवाद कुणाच्याही तोंडी चालतील असे आहेत की त्या त्या माणसाचे आहेत, कथेचं मूळ भांडण पुढे ताणता येण्याइतकं सकस आहे का, एवढं त्यावरून सांगता येतं. मालिका चांगली आहे की वाईट, याचा अखेरचा निकाल त्यावरून देता येत नाही.

गुरुवारचा आकडा

परीक्षणाच्या शेजारी बहुतेक वेळा टीआरपीची यादी छापलेली असते. बोलताना आपण अजून टीआरपीच म्हणतो, पण २०१५ पासून ही मोजणी बार्क ही संस्था करते. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. निवडक घरांत बसवलेलं यंत्र ती खूण टिपतं आणि टीव्हीसमोर कोण बसलंय हे घरातली माणसं आपापलं बटण दाबून नोंदवतात. सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी किमान २० हजार घरांपासून सुरुवात करून दरवर्षी १० हजारांची भर घालत ५० हजारांपर्यंत जायला सांगितलं होतं. ही घरं कोणती हे गुप्त ठेवलं जातं. आठवडा शनिवार ते शुक्रवार असा धरतात आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी हाती येतात.

वाहिनी या आकड्यांवर जगते, कारण जाहिरातीचा दर त्यांवर ठरतो. पात्र अचानक परगावी जातं, कथेत पाच वर्षांची उडी येते, दोन मालिकांचा एकत्र महाएपिसोड होतो, त्यामागे पुष्कळदा हेच गुरुवार असतात. पण किती लोक बसून राहिले एवढंच आकडा सांगतो. का बसले, कशामुळे गुंतले, कुठे कंटाळूनही केवळ सवयीने थांबले, हे त्याला सांगता येत नाही. समीक्षेची गरज नेमकी इथे लागते.

आपल्या राधिकेचं उदाहरण

नागपूरकरांना हे समजायला ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सगळ्यात जवळची. झी मराठीवर २२ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालेली ही मालिका मार्च २०२१ पर्यंत चालली. नागपूरची राधिका, तिचा मुंबईत नोकरी करणारा नवरा गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया, असा हा त्रिकोण. अनिता दाते, अभिजीत खांडकेकर आणि रसिका सुनील यांनी या भूमिका केल्या.

पहिल्या आठवड्याच्या परीक्षणात इथे बघण्यासारखी मोठी गोष्ट होती ती बोली. मराठी पडद्यावर वैदर्भी बोली बराच काळ हशा मिळवण्यासाठी वापरली गेली. इथे ती नायिकेच्या तोंडी आली आणि तीही रोज, प्राइम टाइमला. बोलीची परीक्षा घेताना चांगला परीक्षक ‘बे’ आणि ‘काहून’ किती वेळा आलं हे मोजत बसत नाही. तो क्रियापदाकडे कान देतो. ‘करून राहिली’, ‘जाऊन राहिलो’ ही ठेवण पात्र शांतपणे बोलताना टिकते, तशी ते संतापल्यावर, रडताना, घाईत बोलताना टिकते का? सासूशी, नवऱ्याशी आणि माहेरच्या माणसाशी बोलताना ती कमी-जास्त होते का? खऱ्या आयुष्यात मुंबईत राहणारी नागपूरची बाई तिघांशी तीन प्रकारे बोलते. हे ऐकणारा कान इथल्या समीक्षकाकडे असतो, म्हणून नागपूर आवृत्तीत छापलेल्या परीक्षणाची किंमत वेगळी.

पण हीच मालिका दोन-तीन वर्षांनी पाहणाऱ्याला वेगळंच लिहावं लागलं असतं. संसार वाचवू पाहणारी राधिका मसाल्यांच्या व्यवसायात उतरली आणि बघता बघता मोठी उद्योजिका झाली. २०१८ मध्ये शनायाच्या भूमिकेत ईशा केसकर आली आणि २०२० मध्ये रसिका सुनील परतली. पायाची पाहणी करणाऱ्याला यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. स्वतःच्या पायांवर उभं राहणाऱ्या बाईची गोष्ट पटेल अशी घडली की घाईने उरकली, हा या मालिकेबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता आणि तो मधल्या वळणावरच विचारता येण्यासारखा होता.

परत आलेली मालिका

परतणाऱ्या मालिकेचं परीक्षण आणखी निराळं. तिथे पहिला प्रश्न असतो, ती परत का आली?

‘रात्रीस खेळ चाले’चं पहिलं पर्व २०१६ मध्ये अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झालं. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला वाडा, मालवणी बोली आणि भुताखेतांचं भय ही तिची ओळख. २०१९ चं दुसरं पर्व काळात मागे गेलं आणि अण्णांना जिवंत दाखवून, शेवंताला मध्यभागी आणून आधीच्या मृत्यूमागचा इतिहास उलगडू लागलं. परतण्याला कथेतूनच कारण मिळालं. २०१७ चं ‘दिल दोस्ती दोबारा’ दुसऱ्या वाटेने गेलं. ‘दिल दोस्ती दुनियादारी’तले तेच सहा कलाकार घेतले, पण पात्रं आणि गोष्ट नवी. तिथे परीक्षकाला कलाकारांचं आपसातलं जुळणं आणि नव्या लेखनाची ताकद वेगवेगळी तोलावी लागते. ‘अग्निहोत्र’चा दुसरा भाग डिसेंबर २०१९ मध्ये आला आणि काही महिन्यांतच आटोपला. पहिल्या भागाची पुण्याई प्रेक्षकाला दारापर्यंत आणते, पुढे त्याला नवी गोष्टच थांबवून ठेवते.

रूपांतराचीही चौकशी हवी. ‘आई कुठे काय करते’ ही स्टार प्रवाहवरची गाजलेली मालिका बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली. अशा वेळी मराठी घरात आल्यावर काय बदललं, स्वयंपाकघर, नाती, आईचं मौन इथल्यासारखं झालं का, हे परीक्षणात असायला हवं.

वाचताना काय पाहावं?

मजकूर परीक्षण आहे की प्रसिद्धी, हे ओळखायला काही साध्या खुणा आहेत. परीक्षणात लेखक, संवादलेखक आणि दिग्दर्शकाचं नाव असतं; प्रसिद्धीत फक्त कलाकार आणि वाहिनी. परीक्षणात एखादा प्रसंग नेमका सांगितलेला असतो. प्रसिद्धीत ‘भावनिक प्रवास’ आणि ‘धमाकेदार ट्विस्ट’. किती भाग पाहून लिहिलं हे परीक्षकाने सांगितलेलं असेल तर त्याच्या मतावर जास्त भरवसा ठेवावा. तारे किती दिले यापेक्षा कारण काय दिलं ते आधी वाचावं. कारण पटलं, तर मत न पटताही परीक्षण उपयोगी पडतं.

मालिकांकडे गांभीर्याने पाहणं ही वृत्तपत्रांसाठी कमीपणाची गोष्ट मुळीच नाही. क्लाइव्ह जेम्स यांनी १९७२ ते १९८२ ही दहा वर्षं लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये दूरचित्रवाणीवर लिहिलं आणि वाचक ते सदर साहित्य म्हणून वाचत. अमेरिकेत एमिली नुसबॉम यांना टीव्हीवरील समीक्षेसाठी २०१६ चं पुलित्झर मिळालं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, म्हणजे मराठी घरात टीव्ही येऊन पन्नास वर्षं उलटली. एवढ्या काळात मराठी माणसाने नाटकाहून कितीतरी जास्त तास मालिका पाहिल्या आहेत.

म्हणून प्रत्येक मोठ्या मालिकेचं तीनदा परीक्षण व्हावं: पहिल्या आठवड्यानंतर, कथा मोठं वळण घेते तेव्हा आणि शेवटचा भाग झाल्यावर. मालिका परतली तर चौथ्यांदा. पुरवणीत त्यासाठी पाचशे शब्दांची जागा पुरते. संपादकांकडे ही मागणी वाचकांनी पत्रं लिहून करावी, आणि आपली बोली, आपली घरं पडद्यावर कशी दिसतात याची ज्यांना काळजी आहे त्या नागपूरकरांनी ती सगळ्यांत आधी करावी.